काढून टाकण्याची विद्या

संगणकाच्या पडद्यावर दोन डोळे दाखविणारा 'एक्स-आइज' नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम आहे. माउस जिकडे फिरेल तिकडे ते डोळे वळतात. याहून अधिक काही तो करीत नाही. १९८८ च्या सुमारास कीथ पॅकार्ड यांनी तो लिहिला. मुले त्याला हसतात, मोठी माणसे दोन दिवसांत कंटाळतात आणि तो काढून टाकू पाहतात. आमचा आजचा विषय या कंटाळ्यापासून सुरू होतो. प्रोग्रॅम आणण्याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. आणलेला पुरता घालवावा कसा, हे ठरविण्यात जाणत्यांचीही किती वर्षे गेली, ते फारसे कोणी सांगत नाही.

युनिक्सच्या जगात जुनी रीत अशी, की प्रोग्रॅमचा मूळ मजकूर आणावा, 'मेक' ही आज्ञा टंकून तो घरीच सिद्ध करावा आणि 'मेक इन्स्टॉल' म्हणून जागच्या जागी लावावा. पण ही जागा एक नव्हे! चालणारी फाइल एकीकडे, माहितीचे पान दुसरीकडे, साहाय्यक फाइली तिसरीकडे. आणि कोणती कोणाची, याची नोंद कोठेच नाही. काही लेखक 'मेक अनइन्स्टॉल'ची सोय ठेवीत, परंतु मूळ मजकूर तोवर जपला असेल तरच ती उपयोगी. तो कोण जपतो?

विंडोज ९५ ने १९९५ साली काढून टाकण्याची एक खिडकी दिली खरी. पण काढण्याचे काम बहुधा त्या प्रोग्रॅमनेच बरोबर आणलेल्या साधनाकडे असे. घर सोडणाऱ्या भाडेकरूने स्वतःच सामानाची यादी करावी आणि मालकाने मान डोलवावी, तसा तो व्यवहार. ही सामायिक फाइल काढू काय, असे पडद्यावर विचारले जाई, आणि ती फाइल कशाची हे उत्तर देणाऱ्यालाच ठाऊक नसे.

यादी मालकाच्या हाती देण्याचे काम तत्पूर्वीच दुसरीकडे चालू झाले होते. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने डेबियनची घोषणा केली. (डेब्रा आणि इयान या दोन नावांची ती संधी; डेब्रा ही त्याची मैत्रीण.) पुढल्याच वर्षी तेथे 'डीपीकेजी' हे साधन तयार झाले आणि इयान जॅक्सन यांनी ते सी भाषेत नव्याने लिहिले. त्याचे मर्म वाण्याच्या खतावणीसारखे आहे. प्रत्येक गाठोड्यामागे, म्हणजे पॅकेजमागे, त्याने ठेवलेल्या फाइलींची यादी लिहिलेली. आणि एकाची फाइल दुसरा पुसू लागला तर साधन सहसा अडवते. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील मोठा शोध हाच.

मात्र एका गाठोड्याला दुसरे लागले, तर डीपीकेजी तक्रार करून थांबे. ते दुसरे आपण होऊन आणणारे 'ॲप्ट' मार्च १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर आले. त्या आवृत्तीत सुमारे २२५० पॅकेजे होती. एप्रिल २००७ च्या ४.० पासून आलेल्या मालावरची सहीही ॲप्ट तपासू लागले. मॅकवर २००९ साली होमब्रू, विंडोजवर २०२० साली विंगेट. ही मागाहून आलेली भावंडे.

आता ते डोळे काढू. 'रिमूव्ह' म्हटले तर प्रोग्रॅम जातो, संगणकभरच्या व्यवस्थेच्या फाइली राहतात. 'पर्ज' म्हटले तर त्याही जातात. आपल्या घरच्या डिरेक्टरीतील खासगी फाइलींना मात्र दोन्ही आज्ञा हात लावीत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

पण डेबियनमध्ये डोळे एकटे येत नाहीत. 'एक्स-इलेव्हन-ॲप्स' या गाठोड्यात त्यांच्याबरोबर घड्याळ आहे, गणकयंत्र आहे. काढायचे तर सारेच. शिवाय 'एक्सऑर्ग' नावाचे एक पोकळ गाठोडे, ज्यात मालाऐवजी केवळ इतर गाठोड्यांची यादी असते, तेही याच्यावर अवलंबून. हे गेले की ते जाते. आणि मग 'ऑटोरिमूव्ह' म्हटले, तर त्या यादीच्या निमित्ताने आपोआप आलेली पडद्याच्या व्यवस्थेची पॅकेजेही निराधार ठरून जाण्याच्या रांगेत उभी राहू शकतात. खतावणीचे यात काही चुकलेले नसते. आज्ञा पाळण्यापूर्वी ॲप्ट ती सारी नावे पडद्यावर मांडते आणि होय की नाही एवढे विचारून थांबते. नुसते एंटर दाबले, तर त्याचा अर्थ ते 'होय' असा घेते.