ससून, वाडिया आणि अडकलेलं अनुदान

आपल्या लोणीत कुणाला जास्त झालं आणि खिसा रिकामा असला की घरातून एकच वाक्य निघतं, "ससूनला न्या." सोलापूर रोडने हडपसर ओलांडून थेट पुणे स्टेशनजवळ.

हे ससून उभं राहिलं त्यात मोठा वाटा डेव्हिड ससून यांच्या देणगीचा. बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी. १८६४ ला ते पुण्यातच वारले, हॉस्पिटल सुरू झालं १८६७ ला. दाता गेला, दगडी इमारत राहिली. पण इमारत एकदाच बांधायची असते, पगार आणि औषधं दर महिन्याला लागतात. ससूनचा तो भार सरकारने उचलला, म्हणून ते आजही चालू आहे.

जिथे हा भार अर्धामुर्धा उचलला जातो तिथे काय होतं, ते मुंबईत परळला दिसलं. गिरणगावातल्या कामगारांच्या बायकामुलांसाठी वाडिया कुटुंबाने दोन हॉस्पिटलं काढली. बाळंतपणाचं १९२६ ला, लहान मुलांचं १९२९ ला. कारभार ट्रस्टचा, खर्चाला हातभार महापालिका आणि सरकारचा, असा करार. पुढे गिरण्या बंद पडल्या, टॉवर आले, पण राज्यभरातून गरिबांची पोरं वाडियाला येतच राहिली.

जानेवारी २०२० मध्ये अनुदान थकलं म्हणून हॉस्पिटल बंद करायची वेळ आली. कर्मचारी रस्त्यावर उतरले. पालिकेने उलट हॉस्पिटलच्या कारभारावर बोट ठेवलं. हिशेब तपासायलाच हवा, त्यात वाद नाही. पण तपासणी होईपर्यंत आजारी पोराने थांबायचं का? शेवटी बोंबाबोंब झाल्यावर राज्याचे २४ कोटी आणि पालिकेचे २२ कोटी, असे ४६ कोटी द्यायचं ठरलं. हायकोर्टानेही सुनावलं, पुतळ्याला पैसे आहेत आणि उपचाराला नाहीत का? म्हणजे पैसे होते! मग आधी का नाही दिले?

आता दुसरी बाजू. सवलती घेणाऱ्या धर्मादाय हॉस्पिटलांनी गरिबांसाठी काय करायचं, तेही ठरलेलं आहे. १९८५ ला कायद्यात ४१ एए कलम आलं, २००६ ला हायकोर्टाने योजना लावून दिली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. पुण्यात अशी हॉस्पिटलं बरीच आहेत. आपल्याकडची माणसं मात्र काउंटरवर अनामत रक्कम ऐकूनच मागे फिरतात.

तेव्हा मंडळी, पेशंट घेऊन जाताना रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला पिशवीत टाका. आत शिरल्यावर आधी समाजसेवकाचं टेबल कुठे आहे ते विचारा. खाट शिल्लक नाही म्हणाले तर तसं लिहून मागा, आणि तो कागद घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा.