सतरावी मात्रा

सकाळपासून तुझी तिहाई चुकतेय. पाच मात्रांचा तुकडा तीनदा घ्यायचा, मध्ये एकेक मात्रा थांबायचं आणि समेवर यायचं. तिसऱ्यांदा तुझा पाय पडतो तेव्हा सम निघून गेलेली असते. कथक विशारदची परीक्षा तोंडावर आलीय आणि मोबाइलवरची लेहऱ्याची धून काही कुणासाठी थांबत नाही. तू डोळे मिटून पुन्हा बोल धरतेस. लेहरा बारीक होत होत ऐकूच येईनासा होतो.

पायांना गार लागतं म्हणून डोळे उघडतेस. खाली शहाबादी फरशी आहे, पावसाने ओलसर झालेली. बाहेर टांग्याच्या टापा, सायकलींच्या घंट्या, कुणाच्या तरी स्टोव्हचा घासलेटी वास. समोरच्या दिंडी दरवाज्यावर गेल्या महिन्यात लावलेला तिरंगा अजून तसाच आहे. पुणे, साल १९४७. पानशेत धरण फुटायला चौदा वर्षं आहेत, त्यामुळे मुठेकाठचे वाडेही अजून जागेवर आहेत.

समोर मात्रा मोजणारी बाई तुझ्यापेक्षा फार मोठी नाही. बावीस वर्षांची. गेल्याच वर्षी फर्ग्युसनमधून बी.ए. झालेली. रोहिणी भाटे. त्यांच्या वर्गाचं ‘नृत्यभारती’ हे नाव याच वर्षीचं, कोरं करकरीत. जयपूर घराण्याच्या सोहनलालांकडे त्यांनी कथकचे धडे घ्यायला सुरुवात केलीय. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर अजून भेटायचे आहेत. स्वतः शिकता शिकता शिकवणं चाललंय, आणि खरं सांगायचं तर वर्गात बसल्यावर ते जाणवतं. आपल्याला नुकतंच उमगलेलं सांगताना माणसाचा आवाज वेगळाच लागतो.

घुंगरू कोपऱ्यात आहेत, सुती दोरीत ओवलेले. पण ते नंतर. आधी हातावर टाळी. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिल्या मात्रेला टाळी, पाचव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात मोकळा सोडायचा, तेराव्याला पुन्हा टाळी. तोंडाने बोल, हाताने ताल, आणि पाय गप्प. तुला वाटतं हे लहान मुलांचं आहे, आणि तिथेच तुझी खाली, ती मोकळ्या हाताची नववी मात्रा, चुकते. शेजारची दहा वर्षांची परकरी पोर तुझ्याकडे बघून हसते.

मग तिहाई. ती पोर बोटांवर हिशेब करते: पाच त्रिक पंधरा, मधल्या दोन थांबण्याच्या दोन, झाल्या सतरा. तीनतालाच्या मात्रा सोळा. म्हणजे सतरावी मात्रा ही पुढच्या आवर्तनाची पहिली, तीच सम. तू सकाळपासून पायांनी जे शोधत होतीस ते तिने पायसुद्धा न हलवता शोधलं. शाळेत गणिताच्या तासाला असं काही कुणी दाखवलं नव्हतं.

खिडकीतून एक काकू डोकावतात. “अगं, चांगल्या घरच्या मुली तुम्ही, पायात चाळ कसले बांधता?” तो शब्द ऐक. चाळ. तमाशातला शब्द. या खोलीत त्यांना घुंगरू म्हणतात. पितळ तेच, दोरी तीच. काकूंना उत्तर कुणी देत नाही, फक्त बोलांची पढंत जोरात होते. पुण्याला एखादी गोष्ट पटवायची असेल तर तिचा अभ्यासक्रम करावा लागतो. रोहिणीताईंनी नेमकं ते केलं. नाचाला वही दिली, परीक्षा दिली, शास्त्र दिलं. म्हणून चाळीस वर्षांनी, १९८७ मध्ये, पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र उभं राहिलं तेव्हा नृत्यात पदवी घ्यायची यात कुणाला नवल वाटलं नाही. तिथेही त्या गुरू होत्या. मधल्या काळात त्यांनी नर्तकी इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं, तेही विसरू नकोस. नाचणारी बाई लिहितेही, हे पुण्याला दाखवून द्यायची गरज होती.

आता खोलीतून बाहेर पड आणि लक्ष्मी रस्त्याने पूर्वेकडे चाल. गणेश पेठेत तमाशाचं आर्यभूषण थिएटर लागेल. तिथल्या बायकाही बोल धरतात, सम गाठतात, पिढ्यानपिढ्या गाठत आल्यात. पण त्यांच्यासाठी याच सुमारास मुंबई प्रांताच्या खेर सरकारने निराळा मार्ग काढला: तमाशावर बंदी. ती पुढे उठली, तीही सुधारणा समिती बसल्यावर आणि संहिता तपासून घ्यायची अट घालून. एकाच शहरात, जवळपास एकाच वेळी, एका नाचाला पाटी-पेन्सिल मिळाली आणि दुसऱ्याला पोलिसांचा परवाना. यात रोहिणीताईंचा दोष नाही. दोष त्या डोकावणाऱ्या काकूंचा आहे, आणि काकू अजून गेलेल्या नाहीत.

लेहरा परत ऐकू येतो. फरशीच्या जागी टाइल्स आहेत, कोपऱ्यात तुझी सॅक. पाच, एक, पाच, एक, पाच. पाय समेवर पडतो.

परीक्षा झाली की एकदा लावणी बघायला जा, रीतसर तिकीट काढून, आणि पायांकडे बघत टाळी धर. धुमाळी आठ मात्रांची असते.