दिल्ली–पुणे, ५ डिसेंबर: एका तिकिटाचा घटनाक्रम

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. बातम्यांमध्ये आकडे आले, विमानतळांवरच्या बॅगांच्या डोंगरांची चित्रं आली. मला ती पडझड एका तिकिटाच्या बाजूने मांडायची आहे. त्यासाठी मी एक मुलगी कल्पिली आहे. ती खरी व्यक्ती नाही. तिचं तिकीट, तिचे तास आणि तिने भरलेल्या रकमा मी मांडलेल्या आहेत. बाकी नियम, तारखा आणि विमानांचं जे लिहिलं आहे ते घडलेलं आहे.

मुलगी मूळची पुण्याची. दिल्लीत जुन्या राजिंदर नगरमध्ये खोली घेऊन यूपीएससीचा अभ्यास करते.

८ जानेवारी २०२४. उड्डाणाला तेवीस महिने

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, वैमानिकांच्या कामाच्या वेळांचे नवे नियम जाहीर करतं. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर जाते. रात्र आता मध्यरात्रीपासून पहाटे ६ पर्यंत मोजली जाणार. रात्रीच्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २ वर येते.

हे नियम हवेच होते. ऑगस्ट २०२३मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या विमानाला निघालेला एक वैमानिक बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि दगावला, तेव्हा थकव्याचा विषय पुन्हा ऐरणीवर आला होता. नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी मुदत मागितली, ती मिळाली. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. अखेर दोन टप्पे ठरले: १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५.

म्हणजे जे पुढे झालं त्याची तारीख आणि वेळ सगळ्यांना लेखी ठाऊक होती. हे आधी नोंदवतो, कारण नंतरच्या गोंधळात दोष नियमांवर आणि वैमानिकांवर ढकलला गेला.

१ नोव्हेंबर २०२५, रात्री १२:००. उड्डाणाला पाच आठवडे

दुसरा टप्पा लागू होतो. रात्रीच्या लँडिंगची नवी मर्यादा याच टप्प्यातली.

स्वस्त विमानसेवेचं गणित विमान सतत हवेत ठेवण्यावर चालतं. सकाळी दिल्लीहून निघालेलं विमान पुण्याला येतं, तिथून बंगळुरूला, मग आणखी कुठे, आणि रात्री उशिरा शेवटची फेरी मारतं. जमिनीवरची मिनिटं मोजून कापलेली असतात. वैमानिक आणि केबिन क्रूही तसेच साखळीने बांधलेले. सगळं वेळेवर असलं की हे फार उत्तम चालतं आणि तिकीट स्वस्त पडतं, हे मान्य केलंच पाहिजे. पण एक फेरी दोन तास लांबली की त्या वैमानिकाचे कामाचे तास पुढच्या फेरीआधीच संपतात. विमान उभं असतं, प्रवासी बसलेले असतात आणि चालवायला कायद्याने मोकळा माणूस नसतो. त्यासाठी राखीव माणसं ठेवावी लागतात. राखीव माणसाचा पगार हा या गणितात खर्च दिसतो, फायदा दिसत नाही.

नोव्हेंबरभरात इंडिगोची १,२३२ उड्डाणं रद्द झाली. त्यांतली ७५५ वैमानिक-क्रू आणि या नव्या मर्यादांमुळे. देशांतर्गत बाजाराचा सुमारे ६५ टक्के वाटा असलेल्या कंपनीची ही अवस्था होती आणि हिवाळ्याचं वाढीव वेळापत्रक तसंच चालू होतं.

११ नोव्हेंबर, दुपारी ४:००. उड्डाणाला चोवीस दिवस

आईचं ऑपरेशन ८ डिसेंबरला ठरलं आहे. मुलगी ७ तारखेचं दिल्ली–पुणे तिकीट काढते. समजा ५,६०० रुपये.

पुढचे चोवीस तास ती खरी गिऱ्हाईक असते. डीजीसीएच्या त्या वेळच्या नियमानुसार, प्रवास किमान सात दिवस लांब असेल तर काढलेलं तिकीट चोवीस तासांत बिनशुल्क रद्द करता येतं किंवा बदलता येतं. नावातलं स्पेलिंगही याच मुदतीत फुकट सुधारून मिळतं. १२ तारखेला दुपारी ४ वाजता ही खिडकी बंद होते. इतक्या लवकर बदल करायची गरज सहसा कोणाला पडते? आजारपणं, मृत्यू, परीक्षेच्या बदललेल्या तारखा चोवीस तासांत येत नाहीत.

२ डिसेंबर, संध्याकाळी ७:१०. उड्डाणाला बहात्तर तास

बाबांचा फोन येतो. डॉक्टरांनी ऑपरेशन अलीकडे घेतलंय, शनिवारी सकाळी आठला. "तू शुक्रवारी रात्रीपर्यंत पोच बाळा. आई विचारतेय."

ती ॲप उघडते. ७ तारखेचं तिकीट ५ तारखेच्या संध्याकाळी ७:३० च्या विमानावर न्यायचं आहे. बदल-शुल्क सुमारे तीन हजार, आणि त्यावर भाड्यातला फरक. इथे बहुतेकांची गल्लत होते. तीन हजार भरले की तारीख बदलली, असं वाटतं. प्रत्यक्षात तीन हजार हे फक्त जुनं तिकीट जिवंत ठेवण्याचे. नव्या दिवसाची जागा आजच्या भावाने घ्यायची. शुक्रवारचं भाडं ९,४०० दाखवतंय. म्हणजे वर आणखी ३,८००. जुनं तिकीट सोडून देऊन नवं काढावं, तर पूर्ण ९,४०० जातात. जुन्यातून रद्द करण्याचं शुल्क वजा होऊन हाती उरतात ते मुख्यतः कर आणि विमानतळाची फी. ते तरी मिळालेच पाहिजेत, भाडं परत न मिळणारं असलं तरी, असा नियम आहे. कितीजण मागून घेतात?

ती एकूण ६,८०० भरते. मूळ तिकिटापेक्षा बदल महाग पडला. पण मनात शांतता आहे: पैसे गेले, जागा पक्की झाली.

त्या दिवशी इंडिगोची जेमतेम तिसरा हिस्सा उड्डाणं वेळेवर आहेत. पैसे घेताना ॲप हे सांगत नाही. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात गंभीर अन्याय इथे आहे, ५ तारखेच्या गोंधळात नाही. नोव्हेंबरमध्ये शेकडो उड्डाणं क्रूअभावी रद्द करणाऱ्या कंपनीला आपली अवस्था माहीत होती. तिकीट बदलणाऱ्याला ती माहीत नव्हती, आणि शुल्क पूर्ण घेतलं गेलं.

३ डिसेंबर. उड्डाणाला दोन दिवस

वेळेवर निघालेली उड्डाणं: १९.७ टक्के. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तचा दिवस, पर्यटनाचा ऐन हंगाम, लग्नसराई चालू. हुबळीत एका नवदांपत्याचं रिसेप्शन ठेवलं होतं. नवरा-नवरी भुवनेश्वरमध्ये अडकले आणि सजून-धजून व्हिडिओ कॉलवरून आपल्याच समारंभाला हजर राहिले. मुलगी ती क्लिप पाहते आणि पीएनआर पुन्हा तपासते. "कन्फर्म्ड" आहे.

संध्याकाळी ७:३० नंतर वेब चेक-इन खुलं होतं. तिला बोर्डिंग पास मिळतो, सीट नंबरसकट.

४ डिसेंबर. उड्डाणाला चोवीस तास

वेळेवर उड्डाणं: ८.५ टक्के. पुण्यात लोहगावला वेगळीच कोंडी. धावपट्टी हवाई दलाची, विमानं उभी करायच्या जागा मोजक्या, आणि क्रूची वाट पाहत थांबलेल्या इंडिगोच्या विमानांनी त्या अडवलेल्या. इतर कंपन्यांची उतरलेली विमानंही जागेसाठी खोळंबली. एका कंपनीने राखीव माणसं कमी ठेवली, त्याची किंमत दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलेल्यानेही मोजली.

मुलगी रात्री कस्टमर केअरला फोन लावते. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हिंदीत आणि इंग्रजीत आळीपाळीने ऐकू येतं. दुसऱ्या कंपनीचं तिकीट आत्ताच काढावं का? पण आपलं विमान अजून रद्द झालेलं नाही. आपणहून सोडलं तर भरलेले पैसे आपल्याच चुकीत जमा होणार. प्रवासी थांबतो तो याच भीतीने. आणि तो थांबतो तेवढ्या तासांत इतर कंपन्यांच्या उरलेल्या जागा संपतात.

५ डिसेंबर, सकाळ. उड्डाणाला दहा-बारा तास

दिल्लीहून निघणारी इंडिगोची सगळी देशांतर्गत उड्डाणं रात्री ११:५९ पर्यंत रद्द झाल्याचं जाहीर होतं.

आता ॲप दोन बटणं दाखवतं: तारीख बदला, किंवा रिफंड घ्या. दोन्ही बिनशुल्क. ५ ते १५ डिसेंबरच्या प्रवासासाठी कंपनीने शुल्क पूर्ण माफ केलंय. तीन दिवसांपूर्वी ज्या क्रियेचे ६,८०० लागले ती आता मोफत आहे, फक्त जायला विमान नाही. ६ तारखेच्या जागा दिसतात, पण सकाळी आठला आईला आत नेणार आहेत.

नियम काय म्हणतो? उड्डाण रद्द झालं तर कंपनीने पर्यायी विमान द्यावं किंवा पैसे परत करावेत, आणि निवड प्रवाशाची. कागदावर हे चांगलं आहे. व्यवहारात पर्यायी विमान म्हणजे त्याच कंपनीचं पुढचं विमान. आपल्याकडच्या स्वस्त कंपन्यांचं तिकीट प्रतिस्पर्ध्याच्या विमानात चालत नाही. जी कंपनी आज उडतच नाही, तिचं पर्यायी विमान कुठून येणार?

५ डिसेंबर, दुपार. उड्डाणाला पाच तास

इतर कंपन्यांची भाडी चढत जातात. दिल्ली–मुंबईसारख्या मार्गावर एका बाजूचं तिकीट पन्नास हजारांच्या आसपास गेल्याच्या बातम्या आहेत. मुलगी रेल्वेकडे वळते. झेलम किंवा गोवा एक्स्प्रेसने पुणं एका रात्रीत येत नाही. रेल्वेने गाड्यांना जादा डबे जोडले, ते बऱ्याच जणांच्या कामी आले. शनिवारी सकाळी आठला पुण्यात असायला हवं असलेल्याच्या नाही.

डीजीसीए त्या दिवशी माघार घेतं. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा मोजू नये ही अट मागे घेतली जाते. रात्रीच्या कामाच्या काही मर्यादांतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळते. तेवीस महिने तयारी न करणाऱ्याला एका दिवसात सवलत मिळाली. नियम पाळायची तयारी केलेल्या कंपन्यांना यातून काय संदेश गेला असेल, याचा विचार नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने करायला हवा होता. तिथले राज्यमंत्री पुण्याचेच खासदार आहेत, मुरलीधर मोहोळ. लोहगावची परिस्थिती त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख पीटर एल्बर्स व्हिडिओतून माफी मागतात. दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली, असं सांगतात. विमान रद्द झालं असेल तर विमानतळावर येऊ नका, अशी विनंती करतात.

५ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

विमान सुटायची वेळ.

एरवी याच तिकिटावर प्रवासी साठ मिनिटं आधी काउंटरवर पोचला नाही तर बॅग घेत नाहीत. पंचवीस मिनिटं आधी गेट बंद होतं. पाच मिनिटं उशीर केलेल्याला "नो-शो" ठरवून भाडं बुडवतात आणि त्याबद्दल कोणी माफीचा व्हिडिओ काढत नाही. प्रवाशाच्या बाजूच्या प्रत्येक मिनिटाला दर लावलेला आहे. कंपनीच्या बाजूच्या तासांना, दिवसांना तसा दर नाही, आणि मला बोलायचंय ते याबद्दल.

"बाबा, मी येऊ शकत नाही." "असू दे. मी आहे ना. तू रडू नकोस, तिला कळेल."

६ डिसेंबर

सकाळी आठ वाजता ऑपरेशन सुरू होतं.

त्याच दिवशी सरकार भाड्यांवर मर्यादा घालतं: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,०००, त्यापुढे १८,०००, कर आणि विमानतळाची फी वेगळी. दिल्ली–पुणे पंधरा हजारांत बसतं. चोवीस तास आधी ही मर्यादा असती तर शुक्रवारी दुपारी मुलीने कर्ज काढून का होईना, दुसऱ्या कंपनीची जागा पाहिली असती.

 

७ डिसेंबर, रात्री ८:००

रद्द उड्डाणांचे सगळे परतावे या वेळेपर्यंत द्या, असा मंत्रालयाचा आदेश. तोवर ६१० कोटी रुपये परत गेले. राहिलेल्या बॅगा ४८ तासांत घरी पोचवायच्या.

पैसे परत आले हे चांगलंच झालं. पण शुक्रवारी संध्याकाळच्या जागेसाठी भरलेले पैसे रविवारी रात्री परत मिळाले की हिशेब पुरा झाला, हे मला मान्य नाही. मुलीने पैसे पुण्याला शनिवारी सकाळी असण्यासाठी भरले होते. तोच माल होता.

त्यानंतर

भरपाईचा नियमही पाहावा. चोवीस तासांच्या आत रद्द झालेल्या, दोन तासांहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. स्वस्त तिकिटाला म्हणून स्वस्त भरपाई. कंपनीने ११ डिसेंबरला जास्त त्रास झालेल्यांना १०,००० रुपयांची व्हाउचर जाहीर केली, बारा महिन्यांत वापरायची, अर्थात त्याच कंपनीच्या विमानात.

डीजीसीएच्या चौकशीत ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणं रद्द, १,८५२ उशिरा आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकलेले निघाले. कारणांत कामकाज अतिरेकी ताणलेलं असणं आणि नव्या नियमांची अपुरी तयारी ही नोंद आहे. जानेवारी २०२६मध्ये २२.२० कोटींचा दंड झाला. दंड सरकारजमा होतो.

नियम बदलायचेच असतील तर दोन ओळी पुरतील. उड्डाण चोवीस तासांच्या आत रद्द झालं तर प्रवाशाला त्याच दिवशी उडणाऱ्या कुठल्याही कंपनीची जागा मूळ कंपनीच्या खर्चाने मिळावी. आणि ज्या मार्गावर कंपनी क्रूअभावी उड्डाणं रद्द करत आहे, तिथे बदल-शुल्क घेण्याआधी रद्द उड्डाणांचा आकडा प्रवाशाला पडद्यावर दाखवावा.