चुंबकीय नॅनोकण : जैवचिन्हकांच्या शोधासाठी उपयोग

रक्त, लघवी, लाळ यांसारख्या नमुन्यांतील रोगसूचक रेणू किंवा पेशी, म्हणजेच जैवचिन्हके, वेगळी काढण्यासाठी अथवा मोजण्यासाठी बहुधा मॅग्नेटाइट किंवा मॅघेमाइट या लोह ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म कण वापरले जातात. कणाचा गाभा साधारणपणे 20 नॅनोमीटरपेक्षा लहान असला की तो चुंबकीय क्षेत्रात तीव्रतेने चुंबकित होतो आणि क्षेत्र काढताच उष्णताजन्य हालचालींमुळे त्याचे सरासरी चुंबकन शून्यावर येते. या गुणधर्माला अतिसमचुंबकत्व म्हणतात. त्यामुळे क्षेत्र नसताना कण एकमेकांना ओढून गुठळ्या करत नाहीत. मात्र एकटा कण साध्या चुंबकाने खेचण्याइतका प्रबळ नसल्याने अनेक गाभे बहुवारिकात एकत्र बांधतात आणि पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडे बसवतात.

या पद्धतीचे खरे बळ कणांइतकेच नमुन्यात आहे : रक्त जवळजवळ अचुंबकीय असल्याने, प्रकाशाधारित चाचण्यांना नडणारा त्याचा रंग व गढूळपणा येथे आड येत नाही.

मोजणीसाठी आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी 1988 मध्ये स्वतंत्रपणे शोधलेला महाकाय चुंबकरोध उपयोगी पडला. चुंबकीय क्षेत्रानुसार विद्युत्‌रोध बदलणाऱ्या पातळ थरांचा हा परिणाम संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये रुळला, 2007 चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, आणि अशा संवेदकावर रेणूंच्या परस्पर बंधाने अडकलेले चुंबकीय कण मोजण्याची कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने 1998 मध्ये मांडली. दुसऱ्या पद्धतीत कणांच्या गोळा होण्याने आसपासच्या पाण्यातील प्रोटॉनांचा शिथिलन काल बदलतो व तो अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने मोजतात. याच तत्त्वावर रक्तातील कँडिडा बुरशी ओळखणाऱ्या टी२कँडिडा चाचणीला अमेरिकेत 2014 मध्ये मान्यता मिळाली, परंतु तीतही बुरशीच्या डीएनएच्या प्रती आधी वाढवाव्या लागतात.

रुग्णसेवेत या कणांनी मोजण्यापेक्षा वेचण्याचे काम अधिक पार पाडले आहे. 2004 मध्ये अमेरिकेत मान्य झालेली सेलसर्च पद्धत 7.5 मिलीलीटर रक्तातून अर्बुदपेशी चुंबकाने गोळा करते आणि नंतरची मोजणी प्रतिदीप्तीने, म्हणजे प्रकाशानेच, करते. शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगात अशा 5 किंवा अधिक पेशी आढळणे हे प्रतिकूल लक्षण मानले जाते. तथापि पकड एपकॅम या पृष्ठप्रथिनावर अवलंबून असल्याने, प्रसाराच्या ओघात ते प्रथिन गमावलेल्या पेशी चुंबकाच्या तावडीतून सुटतात.