१०० एमबीपीएसचा प्लॅन, मग डाउनलोड १२ वरच का थांबतं?

समजा, भोरमध्ये तुम्ही घरी फायबरचं कनेक्शन घेतलं. प्लॅन १०० एमबीपीएसचा. स्पीड टेस्ट केली, आकडा आला ९५. मग लॅपटॉपवर एक मोठी फाइल डाउनलोडला लावली, तर तिथे वेग दिसतोय जेमतेम १२ एमबीपीएस. ‘कंपनीनं फसवलं’ अशी पोस्ट टाकण्याआधी थोडं थांबा. तिन्ही आकडे बरोबर असू शकतात.

गोंधळ नेमका कुठे होतो?

एका अक्षरात. इंग्रजीत लिहिताना छोटा ‘बी’ म्हणजे बिट आणि मोठा ‘बी’ म्हणजे बाइट. देवनागरीत अक्षरांना छोटं-मोठं रूपच नाही. त्यामुळे जाहिरातीत, बातमीत किंवा व्हॉट्सॲपवर ‘एमबीपीएस’ लिहिलं की दोन वेगळी एककं हुबेहूब सारखी दिसतात. म्हणून इथून पुढे आपण पूर्ण नावंच वापरू : मेगाबिट आणि मेगाबाइट.

बिट म्हणजे ० किंवा १, माहितीचा सर्वांत छोटा तुकडा. असे ८ बिट मिळून १ बाइट होतो. नेटवर्कमध्ये माहिती बिटच्या रूपात वाहते, म्हणून कंपन्या वेग बिटमध्ये सांगतात. फोटो, पीडीएफ, व्हिडिओ मात्र बाइटमध्ये मोजले जातात. डाउनलोडची खिडकीही बहुतेकदा बाइटच दाखवते.

मग हिशेब कसा करायचा?

प्लॅनच्या आकड्याला ८ नं भागा. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहावा लागतो, तशी माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबतही थोडी जास्तीची माहिती जाते. त्यात साधारण ५ टक्के वेग खर्च होतो. उरतात जवळपास १२ मेगाबाइट.

* २ मेगाबिट = सेकंदाला ०.२५ मेगाबाइट
* १० मेगाबिट = सेकंदाला १.२५ मेगाबाइट
* ४० मेगाबिट = सेकंदाला ५ मेगाबाइट
* १०० मेगाबिट = सेकंदाला १२.५ मेगाबाइट

‘जीबी’ आणि वेग यांचा काय संबंध?

भोरकरांना हे समजायला भाटघर धरण पुरेसं आहे. धरणाची क्षमता सुमारे २३.५ टीएमसी, हा झाला साठा. पावसाळ्यात बातमी येते ती क्युसेकची, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं जातंय त्याची. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. १० हजार क्युसेकनं तेवढं पाणी सोडायला १ लाख सेकंद, म्हणजे जवळपास २८ तास लागतात.

तुमचा रोजचा दीड जीबी डेटा हा साठा आहे आणि मेगाबिट हा विसर्ग. फरक एवढाच की धरणात दोन्हीकडे घनफूटच असतात, इथे साठा बाइटमध्ये आणि विसर्ग बिटमध्ये असतो. म्हणून आधी ८ नं गुणायचं. दीड जीबी म्हणजे १२ हजार मेगाबिट. १० मेगाबिटच्या वेगानं तो सलग वापरला तर २० मिनिटांत संपेल. २ मेगाबिटनं वापरला तर १ तास ४० मिनिटं पुरेल.

डेटा संपल्यावर काय होतं?

अनेक प्रीपेड प्लॅनमध्ये दिवसाचा डेटा संपला की वेग ६४ किलोबिटवर येतो. ८ नं भागलं की उरतात सेकंदाला ८ किलोबाइट. हा वेग डिजिटल टेलिफोनच्या एका कॉलइतका आहे : आवाजाचे सेकंदाला ८ हजार नमुने, प्रत्येक ८ बिटचा.

आता समजा, वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याला शेवटच्या दिवशी फॉर्म भरायचाय. दीड मेगाबाइटची एक मार्कशीट चढवायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागेल. अशा चार फाइल असतील तर साडेबारा मिनिटं, तेही नेटवर्क एकदाही तुटलं नाही तर. तेवढ्यात वेबसाइटचं सेशन संपू शकतं. त्यामुळे ‘अनलिमिटेड’ शब्दाखालची बारीक ओळ वाचणं महत्त्वाचं.

‘ब्रॉडबँड’ म्हणजे किमान किती?

जानेवारी २०२३ पासून भारतात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ मेगाबिट डाउनलोड वेग लागतो. त्याआधी ही मर्यादा ५१२ किलोबिट होती. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या ‘भारतनेट’मध्ये १०० मेगाबिटचं उद्दिष्ट होतं. ते मेगाबिट आहेत आणि वाटून घ्यायचे आहेत. एकाच वेळी २० जणांनी पूर्ण वापर केला तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ०.६२५ मेगाबाइट येतात.

१००० की १०२४?

नेटवर्कच्या वेगात किलो म्हणजे १०००, मेगा म्हणजे १० लाख. विंडोजसारख्या काही प्रणाली फाइलचा आकार मात्र १०२४ च्या पटीत मोजतात. जीबीच्या पातळीवर हा फरक सुमारे ७ टक्क्यांचा होतो. त्यामुळे तुमचा हिशेब थोडा इकडे-तिकडे झाला तर घाबरू नका.

तक्रार कधी करायची?

१. लॅपटॉप शक्यतो केबलनं राउटरला जोडून स्पीड टेस्ट करा. वायफायवर भिंतींमुळेही वेग पडतो.
२. टेस्टचा निकाल मेगाबिटमध्ये आहे ना, ते पाहा. प्लॅनशी तुलना करताना बिटची तुलना बिटशीच करा.
३. अपलोडचा आकडा वेगळा लिहून ठेवा. मोबाइल नेटवर्कवर तो सहसा डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो आणि फॉर्म, फोटो त्याच वेगानं जातात.
४. सकाळी आणि रात्री, दोन-तीन दिवस मोजा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

१०० मेगाबिटच्या प्लॅनवर १२ मेगाबाइट मिळत असतील तर तुमचं कनेक्शन उत्तम चाललंय. पण टेस्टमध्येच रोज १२ मेगाबिट दिसत असतील, तर तुम्हाला पैशांच्या आठव्या हिश्श्याइतकीच सेवा मिळतेय. तेव्हा तक्रार जरूर करा, आणि तक्रारीत ‘एमबीपीएस’ न लिहिता ‘मेगाबिट’ असं स्पष्ट लिहा.