दुर्बिणीची बोली

कोलन, जी, आर, हॅश.

लॅपटॉपवर एवढीच चार चिन्हं टाइप केली आणि काकांच्या जुन्या दुर्बिणीनं चक्क उत्तर दिलं. आकडेच होते, पण उत्तर होतं! मी भलताच खूश. काका शाल गुंडाळून गच्चीवर खुर्चीत बसले होते. म्हणाले, "तू टाइप करणार, ती फिरणार. मग आकाश कोण ओळखणार रे?"

काकांनी चेष्टेतच विचारलं, पण प्रश्न डोक्यात राहिला.

पूर्वी एखादा अंधुक तेजोमेघ शोधायचा म्हणजे ओळखीचा तारा पकडायचा आणि नकाशा बघत एकेक तारा ओलांडत पुढे जायचं. दुर्बिणीचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखला की एका मोटरवर ती ताऱ्यामागे फिरत राही, पण शोधायचं काम माणसाचंच. १९८७ साली अमेरिकेतल्या सेलेस्ट्रॉन कंपनीनं कॉम्प्युस्टार आणली. ही दुर्बीण स्वतःच वळून हवी ती वस्तू दाखवायची. मग १९९२ मध्ये मीड कंपनीची एलएक्स२०० आली आणि हौशी मंडळींमध्ये ती चांगलीच रुळली. दोन्ही अक्षांना मोटर, आत कॉम्प्युटर. त्यामुळे ध्रुवाकडे कललेल्या अक्षाची सक्ती उरली नाही. दोन्ही मोटरी किती फिरवायच्या याचं गणित यंत्र करतं.

काकांकडची हीच. जुनी, कोणाकडून तरी घेतलेली.

मला तिच्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र भिंगात किंवा आरशात नाही, माहितीपुस्तकाच्या परिशिष्टात आहे. कॉम्प्युटरला जोडायची केबल कशी करायची आणि दुर्बिणीशी कोणत्या आज्ञांनी बोलायचं, हे कंपनीनं तिथे सरळ छापून टाकलं होतं. आज्ञा म्हणजे साधी अक्षरं. कोलननं सुरुवात, हॅशनं शेवट. 'जी आर' म्हणजे तू आत्ता कुठल्या विषुवांशावर आहेस ते सांग. 'जी डी' म्हणजे क्रांती सांग. कुठे जायचं ते आकडे देऊन 'एम एस' म्हटलं की निघाली. जाता येत असेल तर शून्य म्हणते, आणि वस्तू क्षितिजाखाली असेल तर तसं सांगते. 'क्यू' म्हणजे थांब. केबलमधून सेकंदाला ९६०० बिट्स, बस्स.

या बोलीला स्वतःचा हेलही आहे. रेखांश पश्चिमेकडे मोजायचे, ०पासून ३६०पर्यंत. म्हणजे पुण्याचे ७३ अंश ५२ कला पूर्व तिला सांगताना २८६ अंश ८ कला होतात. वेळेचंही तेच. ग्रिनिचची वेळ काढायला आपल्या वेळेत किती मिळवायचे, असं ती विचारते. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून इथे वजा! पहिल्या दिवशी मी अधिक घातलं होतं. दुर्बीण अंगणातल्या नारळाकडे बघत बसली.

पुढे कंपन्या वाढल्या, प्रत्येकीची बोली निराळी. प्रत्येक नकाशा-सॉफ्टवेअरला प्रत्येक दुर्बिणीची भाषा शिकावी लागे. त्यावर बॉब डेनी यांनी १९९८ मध्ये अ‍ॅसकॉम सुरू केलं. मध्ये एक दुभाषा बसवला की दोन्ही बाजूंनी फक्त त्याच्याशी बोलायचं. २००१च्या सुमारास फाब्यें शेरो यांनी स्टेलॅरियमवर काम सुरू केलं. ते फुकट आहे, आणि एलएक्स२००ची जुनी बोली ते थेट बोलतं. मीड कंपनी २०२४ साली बंद पडली. पण परवा आमच्या गच्चीवर त्यांची दुर्बीण बोलत होती. भाषा छापून ठेवली होती, म्हणून.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो.

दुर्बीण लावल्यावर तिला दोन तारे दाखवून द्यावे लागतात. त्याशिवाय तिला आकाश कळत नाही. पहिला ब्रह्महृदय, तो बरोबर दाखवला. दुसरा पॉलक्स. पुनर्वसूच्या जोडीतला एक तारा मधोमध आणला, बटण दाबलं. तिनं निमूटपणे मान्य केलं. मग मिथुनेच्या पायाशी असलेला एम ३५ हा तारकागुच्छ मागितला. मोटरी घरघरल्या, दुर्बीण थाटात थांबली. आत बघतो तर गुच्छाचा पत्ताच नाही! दोनदा केलं, तेच. केबल तपासली, लॅपटॉप बंद करून चालू केला.

काका उठले, नळीवरून वर नजर टाकली आणि हसले. "तू तिला कॅस्टर दाखवलास. तांबूस दिसतो ना, तो पॉलक्स. पांढरा तो कॅस्टर."

दोघांमध्ये साडेचार अंशांचं अंतर. ओळीनं नऊ पूर्णचंद्र बसतील एवढं. यंत्राला शंका येत नाही. आपण सांगू ते खरं मानून ते पुढचं सगळं अचूक गणित करतं, चुकीच्या ताऱ्यापासून!

पुन्हा पॉलक्स दाखवला. या वेळी एम ३५ आला, बारीक साखर सांडल्यासारखा. काकांनी बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाले, "छान आहे हो तुझं यंत्र."

पुढच्या वेळी लॅपटॉप उघडण्याआधी पुनर्वसू नीट बघून घ्यायचं ठरवलंय.