नळीचं तोंड कुठे: ‘प्रॅक्टिकल’ पिस्तूल नेमबाजीची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हाला दारातच गाठलं आणि विचारलं, ‘सर, खेळ आधी की नियम आधी?’ आम्ही तेव्हा वेळ मारून नेली, कारण बाहेर रिक्षा उभी होती. बुद्धिबळ, हुतूतू, क्रिकेट यांच्याबाबतीत या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही. त्यांचे उगम धुक्यात आहेत. म्हणून आज असा एक खेळ घेऊ या, जो अगदी अलीकडे जन्मला, ज्याचे जन्मदाते कालपरवापर्यंत हयात होते आणि ज्याचा प्रत्येक नियम कोणत्या भांडणातून आला हे सांगता येतं. खेळ आपल्याकडचा नाही, अमेरिकेचा आहे. पिस्तुलाचा आहे.

आपल्याला पिस्तुलाची नेमबाजी माहीत आहे ती ऑलिंपिकची. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जकार्ताच्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं, ते अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. त्या प्रकारात उभं राहण्याची जागा ठरलेली, अंतर ठरलेलं, एका हाताने नेम धरायचा. वेगाच्या फेरीत हात वर करून गोळी झाडायला तीन सेकंद. म्हणजे वेळ नियमाने बांधून टाकली आणि मग फक्त अचूकता मोजली. हे शास्त्रशुद्ध आहे. पण कुणी तरी म्हणणारच की संकटात सापडलेल्या माणसाला तीन सेकंद कोण मोजून देतं?

असं म्हणणारा माणूस म्हणजे जेफ कूपर. जन्म १९२०, निधन २००६. अमेरिकी मरीन कोअरमधला अधिकारी, दुसऱ्या महायुद्धात लढलेला, आणि इतिहासाचा पदव्युत्तर पदवीधर. शेवटची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण हा गृहस्थ नुसता बंदूकवाला नव्हता, उत्तम गद्य लिहिणारा होता, आणि त्याचे आग्रहही लेखकाचे असावेत तसे टोकाचे होते. त्याची सगळी मतं आम्हाला पटतात असं नाही. किंबहुना बरीच पटत नाहीत. पण त्याने एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला आणि त्याचं उत्तर शोधायला स्पर्धा हे साधन वापरलं, ते आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

१९५० च्या दशकात अमेरिकेत काउबॉय चित्रपटांच्या नादाने झटकन पिस्तूल उपसण्याचं वेड पसरलं होतं. कूपरने कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर या डोंगरातल्या गावी ‘लेदरस्लॅप’ नावाची स्पर्धा सुरू केली. सात यार्डांवर, म्हणजे साधारण साडेसहा मीटरवर, मोठाले फुगे. दोघांनी एकदम पिस्तूल उपसायचं आणि आपापले फुगे फोडायचे. बहुतेक सगळे कमरेजवळूनच, एका हाताने, नेम न धरता गोळ्या झाडत. सिनेमात तसंच दाखवत. कूपरसुद्धा तसंच करी.

मग जॅक वीव्हर नावाचा एक पोलीस आला. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यात डेप्युटी. त्याने पिस्तूल दोन्ही हातांनी धरलं, डोळ्यांसमोर आणलं आणि नळीवरची माशी बघून गोळी मारली. इतरांपेक्षा क्षणभर उशीर होई, पण फुगा फुटे. १९५९ साली तो जिंकला. कूपरचं मोठेपण असं की त्याने आपली पद्धत सोडली, वीव्हरची उचलली आणि तिला वीव्हरचंच नाव देऊन जगभर शिकवली. विद्यापीठात आम्ही छत्तीस वर्षं काढली. हरलेल्या मताच्या धन्याने जिंकलेल्या मताचा प्रचार केल्याची उदाहरणं आम्हाला बोटावर मोजण्याइतकीही आठवत नाहीत.

या मंडळींच्या संघटनेचं नाव होतं ‘साउथ वेस्ट कॉम्बॅट पिस्टल लीग’. ‘कॉम्बॅट’ म्हणजे लढाई. पुढे मे १९७६ मध्ये मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी निरनिराळ्या देशांतले लोक जमले आणि आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, त्याच्या नावात मात्र ‘प्रॅक्टिकल’ हा शब्द आला. इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन, आयपीएससी. पहिला अध्यक्ष अर्थातच कूपर. (त्याच्या आदल्या वर्षी झुरिकला पहिली जागतिक स्पर्धा झाली होती, ती रे चॅपमनने जिंकली.) मराठीत ‘प्रॅक्टिकल’ म्हटलं की आपल्याला एक तर बारावीची परीक्षा आठवते, नाही तर वडीलमंडळींचं ‘जरा प्रॅक्टिकल हो’. इथे अर्थ दुसऱ्याच्या जवळचा आहे. जगात उपयोगी पडेल असं.

ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये घेतलं: डिलिजेन्शिया, व्हिस, सेलेरिटास. अचूकता, जोर, वेग. तीन शब्द लिहिणं सोपं असतं. खरी गंमत पुढे आहे, कारण या तिन्ही गोष्टी एका आकड्यात कशा बसवायच्या? अचूकता वाढवली की वेग कमी होतो. जोर वाढवला की धक्का वाढतो, म्हणजे दुसरी गोळी उशिरा. तिघी सवती एका घरात नांदवायच्या आहेत.

इथे आपण थोडं गणित करू या, घाबरू नका. लक्ष्य पुठ्ठ्याचं, तपकिरी रंगाचं. त्यावर ए, सी, डी असे विभाग. त्यांच्या रेषा इतक्या पुसट की लांबून दिसायच्या नाहीत. ए ला ५ गुण. गोळी हुकली तर उणे १०. एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. येईल तो ‘हिट फॅक्टर’. या पद्धतीला कॉमस्टॉक म्हणतात. समजा बारा गोळ्यांचा टप्पा आहे, जास्तीत जास्त ६० गुण. एका बाईने ५८ गुण ७.२५ सेकंदांत मिळवले: ८. दुसऱ्या गृहस्थाने पुरेपूर ६० मिळवले, पण ८ सेकंद घेतले: ७.५. बाई जिंकल्या. त्यांना टप्प्याचे पूर्ण ६० गुण, गृहस्थांना त्या प्रमाणात ५६.२५.

आता यातली खरी मेख बघा. दोन गुण गमावणं महाग की स्वस्त? उत्तर टप्प्यावर अवलंबून आहे. जिथे हिट फॅक्टर ८ च्या आसपास असतो तिथे दोन गुणांची किंमत पाव सेकंद. जिथे लांबची, अवघड लक्ष्यं आहेत, धावावं लागतं आणि हिट फॅक्टर २ च्या घरात जातो, तिथे त्याच दोन गुणांची किंमत एक संपूर्ण सेकंद. म्हणजे कधी घाई करावी आणि कधी थांबावं याचा विनिमयदर प्रत्येक ठिकाणी बदलतो, आणि तो कुठे लिहिलेला नसतो. स्पर्धकाने जागा बघून ताडायचा. ॲरिस्टॉटल ज्याला व्यवहारज्ञान म्हणतो, योग्य वेळी योग्य प्रमाणात, ते भागाकाराच्या एका चिन्हात बसवलेलं आम्हाला दुसरीकडे कुठे आढळलं नाही.

राहिला जोर. गोळीचं वजन ग्रेनमध्ये (एका ग्रॅमचे सुमारे साडेपंधरा ग्रेन), वेग सेकंदाला फुटांमध्ये, दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागायचं. हा ‘पॉवर फॅक्टर’. कूपरच्या लाडक्या .४५ कोल्टची २३० ग्रेनची गोळी ८३० फुटांनी निघाली तर १९०. नऊ मिलिमीटरची १२४ ग्रेनची १०५० फुटांनी गेली तर १३०. स्टँडर्ड विभागात १७० च्या वर ते ‘मेजर’, १२५ च्या वर ते ‘मायनर’. मेजरवाल्याला सी विभागात ४ गुण, मायनरवाल्याला ३. डी मध्ये २ आणि १. ए मध्ये मात्र दोघांना सारखेच ५. पूर्वी लोलकावर गोळी झाडून तो किती झुलतो ते बघत. आता क्रोनोग्राफ असतो. तुमच्या काडतुसांचा नमुना घेतात, एक गोळी उचकटून तोलतात, आणि आकडा १२५ च्या खाली आला तर खेळा खुशाल, गुण मिळणार नाहीत.

हा नियम कशासाठी केला होता? लोकांनी जोरदार, जड, ‘खरं’ पिस्तूल वापरावं म्हणून. पण नियम आकड्यात लिहिला की लोक आकडाच पाळतात, हेतू नाही. आपल्या आयकराच्या सल्लागारांना हे सांगायला नको. १९८० च्या दशकात स्पर्धकांनी गणित उलटं सोडवलं. .३८ सुपर नावाचं जुनं, बारीक काडतूस घेतलं, त्यात दारू ठासून भरली. १२५ ग्रेन, १४०० फूट: १७५. झालं मेजर! वर बारीक काडतुसं मॅगझिनमध्ये जास्त मावतात. आणि जास्त दारूचा जास्त वायू नळीच्या टोकाला बसवलेल्या कॉम्पेन्सेटरच्या भोकांतून वर फेकला जातो, तो नळीला खाली दाबतो. म्हणजे जोराला शिक्षा म्हणून जो धक्का होता, तो जोरानेच नाहीसा केला. पुढे त्यावर लाल ठिपक्याची दुर्बिणीसारखी दृष्टी बसली. कमरेला लावून कुणी बाजारात जाईल अशी ती वस्तू उरली नाही.

कूपर चिडला. खेळ अव्यवहारी झाला म्हणून त्याने हयातभर टीका केली. त्याला दुसराही एक घाव बसला होता. रॉब लेथम आणि ब्रायन एनॉस या दोन तरुणांनी वीव्हरची तिरपी, एक हात ओढणारी ढब सोडली आणि छाती समोर ठेवून दोन्ही हात सरळ ताणून त्रिकोण करणारी ढब घेतली. लेथम अनेकदा जगज्जेता झाला. आता सगळी दुनिया बहुतांशी तशीच उभी राहते. कूपर शेवटपर्यंत वीव्हरलाच चिकटून राहिला. एकोणचाळिसाव्या वर्षी जो माणूस पुराव्यापुढे झुकला होता, तो साठीत झुकला नाही. आम्ही स्वतः सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा यावर जास्त बोलणार नाही.

भांडण मिटलं ते विभाग पाडून. ओपनमध्ये वाटेल ते लावा, तिथे मेजरची मर्यादा १६० केली. स्टँडर्डमध्ये लाल ठिपका नाही, कॉम्पेन्सेटर नाही, आणि पिस्तूल २२५ × १५० × ४५ मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. पेटी प्रत्यक्ष असते, त्यात पिस्तूल ठेवून बघतात. प्रॉडक्शनमध्ये दुकानात मिळतं तसं पिस्तूल आणि सगळ्यांना मायनरच, म्हणजे जोराची चढाओढच संपली. ज्यांना एवढ्यावरही समाधान नव्हतं त्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेत आयडीपीए ही वेगळी चूल मांडली. तिथे पिस्तूल सदऱ्याखाली झाकून यायचं आणि आडोशाआडून गोळी मारायची. त्यांच्याही नियमपुस्तकावर वाद झालेच. आडोशातून किती अंग बाहेर दिसलं हे कोण ठरवणार?

आता सुरक्षेकडे येऊ. आमच्या मते या खेळाने केलेलं सर्वांत गंभीर काम तेच आहे. आम्ही आयुष्यात पिस्तूल हाती धरलेलं नाही. कॉलेजात एनसीसीत .२२ रायफलीच्या पाच-दहा गोळ्या झाडल्या, तेवढंच. पण त्या मैदानावरचा एक क्षण पन्नास वर्षांनीही जात नाही. आमच्या शेजारच्या मुलाची रायफल अडकली. ती दाखवायला तो हवालदारांकडे वळला, रायफलीसकट. नळी आमच्या पोटावरून फिरली. हवालदारांनी झेप घेऊन नळी आभाळाकडे ढकलली आणि त्या मुलाच्या कानाखाली वाजवली. मग अडकलेलं काडतूस काढलं. ते जिवंत होतं. संध्याकाळी तो मुलगा आमच्या खोलीवर आला आणि काही न बोलता बसून राहिला. आम्हीही काही बोललो नाही.

या खेळात स्पर्धक भरलेलं पिस्तूल घेऊन पळतो, वाकतो, दारं उघडतो, मॅगझिन बदलतो. म्हणून मैदानावर एरवी प्रत्येकाचं पिस्तूल रिकामं, पट्ट्याला. हुकूम जगभर इंग्रजीतच: ‘लोड अँड मेक रेडी’, ‘आर यू रेडी?’, ‘स्टँड बाय’, आणि मग टायमरची शिट्टी. नळी समोरच्या दिशेपासून नव्वद अंशांपलीकडे गेली, बाहेर. चालताना किंवा मॅगझिन बदलताना बोट चापावर दिसलं, बाहेर. हातातून पिस्तूल पडलं, बाहेर. एरवी रिकामं पिस्तूल होल्स्टरमधून पडलं तर ते स्वतः उचलायचं नाही, अधिकाऱ्याला बोलवायचं. उचललंत तर बाहेर. बाहेर म्हणजे त्या टप्प्यातून नव्हे, सबंध स्पर्धेतून. काही झालं का, कुणाला लागलं का, हे विचारतच नाहीत. नियम परिणामाला लावलेला नाही, दिशेला लावला आहे. जगज्जेत्यालाही तोच.

मघाशी चिठ्ठी आली आहे, वाचतो. ‘हे सगळं माणूस मारण्याचीच तालीम नाही का?’ प्रश्न रास्त आहे, आणि तो खेळाच्या आतही विचारला गेला. सुरुवातीच्या लक्ष्याला डोकं आणि खांदे होते. पुढे ‘क्लासिक’ लक्ष्य आलं, कोपरे छाटलेला एक पुठ्ठा, ज्याला डोकं नाही. अमेरिकेत डोकंवालं टिकून राहिलं, इतरत्र बिनडोक्याचं पसरलं. कुणी म्हणेल की ही नुसती रंगसफेदी. आम्हाला तसं वाटत नाही. तलवारबाजीत आणि भालाफेकीतही हेच झालं आहे: हेतू गळून गेला, ढब राहिली. पण इथे हेतू अजून पुरता गळलेला नाही हेही खरं, कारण पिस्तूल अजून पिस्तूलच आहे, आणि संध्याकाळी ते घरी जातं. भाला घरी नेऊन कुणी उशाशी ठेवत नाही. कूपरला हेतू हवा होता. त्याच्या मुलांना, म्हणजे खेळाडूंना, खेळ हवा होता. तेव्हा दारातल्या त्या गृहस्थांना आमचं उत्तर असं, की इथे आधी भीती होती, मग स्पर्धा आली, मग नियम, आणि खेळ सगळ्यांत शेवटी, तोही संस्थापकाच्या मर्जीविरुद्ध.

टप्पा संपतो तेव्हा अधिकारी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करतो, ते होल्स्टरमध्ये जातं, आणि मैदान मोकळं झाल्याची हाक होते. मग बाकीचे स्पर्धक, जे खरं तर प्रतिस्पर्धी, तपकिरी चिकट चकत्या घेऊन पुढे जातात आणि गुण लिहून झाले की पहिल्याने पाडलेली भोकं एकेक करून बुजवतात. पुढच्याला लक्ष्य कोरं मिळायला हवं. दिवसभर हेच चालतं, उन्हात.

पुढच्या गुरुवारी आपण क्रिकेटमधल्या पायचीतच्या नियमाकडे वळू. चहा बाहेर ठेवला आहे.